शाबासकी आणि सचोटी : चिंतामणराव देशमुखांची सरकारी सेवा

१/२४
१९ जानेवारी १९५६ ची रात्र. आकाशवाणीवरून देशाचे अर्थमंत्री बोलत होते. आयुर्विम्याचा सारा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतल्याची घोषणा त्यांनी केली. त्याच आठवड्यात मुंबईच्या रस्त्यांवर पोलिसांच्या गोळीबारात माणसे मरत होती आणि त्याच महिन्यात या मंत्र्यांनी आपला राजीनामा पंतप्रधानांपुढे ठेवला होता. ते होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. सरकारी सेवेतील शाबासकी आणि सचोटी यांच्या नात्याविषयीचा हा धागा.

२/२४
सरकारी चाकरीत कामाची पावती वरून येते. बढती, पदवी, पदक, वरिष्ठाचा अनुकूल शेरा, हे सारे देणारा हात सत्तेचा असतो. सचोटीची परीक्षा मात्र बहुधा त्याच हातासमोर होते. देशमुखांना दोन राजवटींकडून भरपूर मानसन्मान मिळाले आणि त्यांनी सत्तेशी उघड मतभेदही पत्करला. म्हणून या दोन गोष्टी कुठवर सोबत चालतात आणि कुठे वेगळ्या होतात, हे त्यांच्या चरित्रात स्वच्छ दिसते.

३/२४
जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते या गावी, रायगड किल्ल्याच्या परिसरात. वडील वकील, बालपण रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञानाचे शिक्षण, वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक आणि १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक.

४/२४
नेमणूक झाली मध्यप्रांत व वऱ्हाडात. महसूल, जमाबंदी, सचिवालय अशा पायऱ्या चढत ते प्रांताचे अर्थसचिव झाले. १९३१ मध्ये रजेवर लंडनला असताना दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. या वीस वर्षांत धनी परका होता आणि रयत आपली. हिंदी आयसीएस अधिकाऱ्याला हा पेच रोज सोडवावा लागे. कोणी नोकरी सोडून चळवळीत गेले, कोणी साहेबाहून अधिक साहेब झाले. देशमुखांनी नोकरीत राहून काम चोख करण्याचा मार्ग धरला.

५/२४
जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. बँक तेव्हा अवघी चार वर्षांची होती. काही महिन्यांतच ते केंद्रीय मंडळाचे सचिव झाले आणि डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. गव्हर्नर सर जेम्स टेलर फेब्रुवारी १९४३ मध्ये निधन पावले. कारभार हाताशी असलेला, अनुभवी असा माणूस डोळ्यांसमोर होता. तरी पहिला हिंदी गव्हर्नर नेमण्यास ११ ऑगस्ट १९४३ उजाडला. मधल्या सहा महिन्यांत बँकेचे काम देशमुखच पाहत होते.

६/२४
१९४४ मध्ये ‘सर’ ही पदवी आली. रूढ अर्थाने हा सरकारी गौरवाचा कळस होता. पण पदवीकडे पाहताना ती कोणत्या काळात आली, हेही पाहावे लागते. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. लाखो माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. धान्याच्या किमती गरिबांच्या आवाक्याबाहेर जाण्यामागे जी अनेक कारणे होती, त्यांत युद्धकाळातील चलनवाढ हे एक ठळक कारण होते.

७/२४
ही चलनवाढ कशी होत होती? ब्रिटन हिंदुस्थानातून युद्धासाठी माल घेत असे, येथील सैन्याच्या खर्चाचा वाटा उचलत असे आणि त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर जमा करीत असे. त्या जमेच्या आधारावर बँक येथे रुपयाच्या नोटा काढी. लंडनला आकडे वाढत. येथे नोटा वाढत आणि माल कमी होई. युद्ध संपल्यावर ही पौंडांतील येणी सुमारे १,७०० कोटी रुपयांवर पोचली होती.

८/२४
म्हणजे बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर ज्या नोटांवर सही करीत होता, त्या नोटांचे धोरण लंडन आणि दिल्ली येथे ठरत होते. देशमुखांचे मूल्यमापन करताना ही गोष्ट झाकून ठेवता येत नाही. कार्यक्षम अधिकाऱ्याची कार्यक्षमता कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न वैयक्तिक प्रामाणिकपणाने सुटत नाही. पैशाला न शिवणारा माणूसही अन्यायी यंत्रणेचे चाक असू शकतो. सचोटीची व्याख्या ‘लाच घेतली नाही’ एवढ्यावर थांबवता येत नाही, ती यासाठी.

९/२४
चाकाला आपली दिशा ठरवता येत नाही. पण अधिकाऱ्याला सल्ला देता येतो. जुलै १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत हिंदी शिष्टमंडळाचे नेते ब्रिटिश वित्तसदस्य होते. देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ हे सदस्य. पौंडांतील येण्यांचा प्रश्न शिष्टमंडळाने तेथे मांडला. ब्रिटनच्या विरोधामुळे तो परिषदेच्या कक्षेत आला नाही. नाणेनिधीत हिंदुस्थानला ४० कोटी डॉलरचा वाटा मात्र मिळाला. स्वराज्य नसलेल्या देशासाठी हे थोडे नव्हते.

१०/२४
दुसरे उदाहरण जानेवारी १९४६ चे. काळा पैसा बाहेर काढण्यासाठी सरकारने ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा वटहुकमाने रद्द केल्या. या उपायातून फारसे निष्पन्न होणार नाही, असे गव्हर्नर देशमुखांचे मत होते आणि ते त्यांनी सरकारला कळवले होते. सरकारने ऐकले नाही. बँकेने आदेशाची अंमलबजावणी केली. सुमारे १४४ कोटींच्या नोटांपैकी सुमारे १३५ कोटींच्या नोटा बदलून गेल्या. अंदाज खरा ठरला.

११/२४
चांगल्या सनदी सेवेची जुनी रीत येथे दिसते : सल्ला निर्भीड, निर्णय धन्याचा आणि अंमल चोख. या रीतीत अधिकाऱ्याचे मत फाइलीत राहते, वर्तमानपत्रात जात नाही. त्यामुळे अशा सचोटीला टाळ्या मिळत नाहीत. निर्णय चुकला तर दोष सरकारचा, निर्णय साधला तर श्रेयही सरकारचे. टिपणात लिहिलेली नापसंती पुढे इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती पडली, तरच तिची नोंद होते.

१२/२४
फाळणीनंतर काही काळ रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. काश्मीरमध्ये दोन्ही बाजू लढत असताना ही जबाबदारी ३० जून १९४८ पर्यंत चालली. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि खाजगी भागधारकांची बँक सरकारच्या मालकीची झाली. ३० जून १९४९ रोजी देशमुख गव्हर्नरपदावरून उतरले. ब्रिटिशांनी दिलेल्या पदवीचा हा धनी नव्या सरकारलाही हवा होता.

१३/२४
१९५० मध्ये ते नियोजन मंडळाचे सदस्य आणि जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले. येथे सेवेचा धर्मच बदलला. अधिकारी सल्ला देऊन आज्ञा पाळतो. मंत्री सामुदायिक जबाबदारीने बांधलेला असतो. निर्णय त्याचाही असतो. तो पटत नसेल तर फाइलीत नापसंती नोंदवून भागत नाही. पद सोडणे एवढाच मार्ग उरतो.

१४/२४
कारभार स्वच्छ राहावा यासाठी काय करावे, हा प्रश्न तेव्हाही ताजा होता. नियोजन मंडळाने ए. डी. गोरवाला या निवृत्त आयसीएस अधिकाऱ्यांकडून सार्वजनिक प्रशासनावर अहवाल मागवला. तो १९५१ मध्ये आला. सचोटीची अपेक्षा केवळ कारकुनाकडून आणि अधिकाऱ्याकडून करून भागणार नाही, मंत्र्यांचे वर्तनही तितकेच निष्कलंक असले पाहिजे, हा त्यातील आशय होता. पुढे याच गोरवालांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण पतपाहणीतून इम्पीरिअल बँकेचे रूपांतर झाले आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक अस्तित्वात आली.

१५/२४
मग विम्याचा निर्णय. तेव्हाच्या अनेक विमा कंपन्यांत पॉलिसीधारकांचा पैसा मालकांच्या इतर उद्योगांकडे वळवला जाई. आगाऊ कुणकुण लागली असती, तर हा पैसा रातोरात हलला असता. म्हणून वटहुकमाची तयारी अत्यंत गुप्तपणे झाली. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, मिळून २४५ संस्थांचा आयुर्विमा व्यवसाय सरकारकडे आला. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. तोवर देशमुख मंत्री राहिले नव्हते.

१६/२४
कारण मुंबई. राज्य पुनर्रचना आयोगाने ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात मुंबईसह द्विभाषिक राज्य सुचवले आणि विदर्भ वेगळा ठेवला. त्यानंतरच्या चर्चांतून महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशी त्रिराज्य योजना पुढे आली. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहणार असल्याचे आकाशवाणीवरून सांगितले. शहर पेटले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण गमावले. त्यांतील बहुतेक या जानेवारीत गेले.

१७/२४
देशमुखांनी राजीनामा दिला, तो लगेच स्वीकारला गेला नाही. नेहरूंच्या आग्रहाखातर ते थांबले. फेब्रुवारीत त्यांनी अर्थसंकल्प मांडला, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे काम पाहिले. महाराष्ट्रातल्या अनेकांना हे थांबणे पटले नाही. इकडे प्रेते उचलली जात असताना तिकडे मराठी अर्थमंत्री करांचे दर ठरवत होते. तो आक्षेप आजही सहज बाजूला सारता येत नाही. समजूत निघेल अशी आशा आणि हातातले काम अर्धवट न टाकण्याची सनदी सवय, ही दोन्ही कारणे त्या सहा महिन्यांमागे दिसतात.

१८/२४
जूनमध्ये मुंबईतच नेहरूंनी जाहीर केले की शहर पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील. जुलैत देशमुखांनी मंत्रिपद सोडले आणि २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत निवेदन केले. त्यात दोन मुद्दे मुख्य होते. पहिला, एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर न घेता जाहीर झाला. दुसरा, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली. महाराष्ट्राविषयी आकस बाळगला जात असल्याचा आरोपही त्यांनी केला. नेहरूंनी हे आरोप नाकारले.

१९/२४
या निवेदनातला पहिला मुद्दा मराठी स्मृतीत मागे पडला आहे. महाराष्ट्राने देशमुखांना मुंबईसाठी मंत्रिपद सोडणारा म्हणून लक्षात ठेवले, ते खरेही आहे. परंतु त्यांची तक्रार निर्णयाइतकीच निर्णयाच्या पद्धतीविषयी होती. प्रांताचा अर्थसचिव आणि बँकेचा गव्हर्नर म्हणून ज्याने सारे आयुष्य रीतसर कागदपत्रांत काढले, त्याला रीत डावलणे हाच मोठा दोष वाटला. लोकप्रिय पंतप्रधानाची सदिच्छा रीतीची जागा घेऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

२०/२४
पुढच्याच वर्षी या म्हणण्याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलेही नव्हते. फिरोझ गांधींनी हे प्रकरण लोकसभेत काढले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पायउतार व्हावे लागले.

२१/२४
पॉलिसीधारकांचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून जी संस्था उभी केली, तीच दोन वर्षांच्या आत स्वतंत्र भारताच्या पहिल्या मोठ्या आर्थिक घोटाळ्याचे ठिकाण ठरली. मालक बदलला म्हणून पैसा आपोआप सुरक्षित होत नाही आणि संस्थेचा जनक प्रामाणिक होता म्हणून संस्था प्रामाणिक राहत नाही. नियम होता, समिती होती. ती डावलता आली. १९५९ मध्ये देशमुखांनी जाहीर सूचना केली की मंत्र्यांसह उच्चपदस्थांवरील भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासण्यासाठी कायमस्वरूपी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे. ते नेमले तर आपण स्वतः काही प्रकरणे पुढे ठेवू, असेही त्यांनी सांगितले. नेहरूंनी सूचना मान्य केली नाही.

२२/२४
आणि याच वर्षी, १९५९ मध्ये, मनिला येथून त्यांना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला. विभाग होता शासकीय सेवेचा. मंत्रिमंडळ सोडून तीन वर्षे लोटली होती. ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून काम करीत होते. म्हणजे शासकीय सेवेबद्दलचा गौरव परदेशातून आला आणि शासनाची शुद्धी राखण्याचा त्यांचा उपाय मायदेशात नाकारला गेला. सत्काराचा हार सोपा असतो. सूचना अमलात आणणे महाग पडते.

२३/२४
नंतर ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्याने उभे राहिले आणि तिसरे आले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांचाही त्याच वर्षी त्याच पदकाने गौरव झाला. मेघदूताचा मराठी अनुवाद करणाऱ्या आणि संस्कृतात कविता लिहिणाऱ्या या प्रशासकाचे २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे निधन झाले.

२४/२४
त्यांनी सुचवलेल्या न्यायाधिकरणाचे पुढे काय झाले? संतानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. त्याची नजर कर्मचाऱ्यांवर होती, मंत्र्यांवर नव्हती. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्त कायदा केला. केंद्रात लोकपाल कायदा व्हायला २०१३ साल उजाडले आणि पहिला लोकपाल २०१९ मध्ये नेमला गेला, देशमुखांच्या सूचनेनंतर साठ वर्षांनी. सचोटीने सेवा केलेल्या माणसाला पदके मिळाली. त्याने मागितलेली गोष्ट देण्यास मात्र दोन पिढ्या लागल्या. चांगल्या सेवकाचा खरा सन्मान त्याच्या सत्कारात शोधायचा की त्याच्या सूचनेच्या अंमलबजावणीत, याचे उत्तर या साठ वर्षांत आहे.
(समाप्त)